पाच पोफळींची शाळा

चाळीसगावातल्या एका कॉलेजचं पूर्ण नाव एका दमात म्हणून बघा : बी. पी. आर्ट्‌स, एस. एम. ए. सायन्स अँड के. के. सी. कॉमर्स कॉलेज. ज्युनिअर कॉलेज धरलं तर त्यात के. आर. कोतकर हे नावही येतं. त्याच चाळीसगाव एज्युकेशन सोसायटीचं हायस्कूल म्हणजे आ. बं. हायस्कूल. मुलांचं वेगळं, मुलींचं वेगळं. आ. बं. म्हणजे आनंदीबाई बंकट. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी वहीच्या पहिल्या पानावर ही दोन अक्षरं लिहिली. त्यांतल्या किती जणांनी ती सोडवून वाचली असतील, कोण जाणे.

हे काही एकट्या चाळीसगावचं वैशिष्ट्य नाही. अमळनेरला प्रताप हायस्कूल आहे, ते गिरणीमालक प्रताप शेठ यांच्या नावाचं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, जुन्या हायस्कूलच्या कमानीवर एखाद्या दात्याचं किंवा त्याच्या आईवडिलांचं नाव सापडेल. आत शिरल्यावर भिंतीत बसवलेला संगमरवरी फलक असतो. त्यावर देणगीदारांची नावं आणि पुढे रकमा. मोठी रक्कम वर, लहान खाली. त्या फलकाला पाठ टेकून आपण डबा खातो, भांडतो, निकालाची वाट बघतो.

हा फलक खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो. इमारत बांधणाऱ्याचं नाव त्यावर असतं. शाळा रोज चालवायला लागणारा पैसा कुठून येतो, ते त्यावर नसतं. शाळा बांधून होते एकदा, चालवावी लागते रोज. हा रोजचा खर्च कुणी भरला आणि त्या बदल्यात कुणाची पोरं आत बसली, हा शाळेच्या इतिहासातला खरा प्रश्न आहे. चाळीसगावकरांचं भाग्य असं, की या प्रश्नाचं आठशे वर्षं जुनं, दगडावर कोरलेलं उत्तर त्यांच्याच तालुक्यात आहे.

दगडावरचं बजेट

चाळीसगावहून अठरा-वीस किलोमीटरवर, सातमाळ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी पाटणे नावाचं गाव आहे. पावसाळ्यात पाटणादेवीला जाणारी गर्दी, गौताळ्याचं जंगल, पितळखोऱ्याची लेणी यांमुळे हा परिसर तुमच्या रील्समध्ये येऊन गेला असेल. याच देवीच्या देवळात एक शिलालेख सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली तो अभ्यासकांपुढे आणला. पुढे कीलहॉर्न या जर्मन संस्कृततज्ज्ञाने त्याचं नीट वाचन करून तो ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात छापला.

हा शिलालेख एका शाळेचा आहे. त्या काळचा शब्द ‘मठ’. लेखातल्या जुन्या मराठीत ‘मढ’.

ही शाळा काढणारा चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारातला मुख्य ज्योतिषी. (ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवणारे चांगदेव ते वेगळे.) याचा बाप लक्ष्मीधर, आणि आजोबा भास्कराचार्य. तेच ते, १११४ साली जन्मलेले, ज्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला आणि ज्यांच्या ‘लीलावती’तली गणितं भारतभर पाठशाळांतून शतकानुशतकं सोडवली गेली. भास्कराचार्यांचं जन्मगाव कोणतं यावर अभ्यासकांत वाद आहेत आणि ते चालू राहतील. त्यांच्या नावाने निघालेली शाळा कुठे होती याबद्दल मात्र वाद नाही. ती इथे होती. भास्कराचार्यांचे आणि त्यांच्या घराण्यातल्या विद्वानांचे ग्रंथ या मठात शिकवले जावेत, हा तिचा लेखात नोंदवलेला हेतू. म्हणजे अभ्यासक्रमसुद्धा ठरलेला होता.

शाळेला दान दिलं ते इथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने. यादवांचे हे मांडलिक. सोइदेवानंतर त्याचा भाऊ हेमाडिदेव यानेही शाळेला आधार दिला. दानाची तिथी लेखात आहे : शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहण. आपल्या कॅलेंडरने ९ ऑगस्ट १२०७. ग्रहणात दान करण्याची रीत जुनीच आहे. इथे गंमत एवढीच, की ज्या ग्रहणाचा मुहूर्त साधून दान दिलं, ते ग्रहण गणिताने कसं काढायचं हेच त्या शाळेत शिकवायचं होतं.

संस्कृत संपतं तिथे

शिलालेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे. राजांची स्तुती, निकुंभांची वंशावळ, भास्कराचार्यांच्या घराण्यातले पिढीजात विद्वान, असं सगळं छंदोबद्ध. आणि मग शेवटाकडे, पैशांचा विषय निघाला की भाषा बदलते. मराठी सुरू होते. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांमध्ये या ओळी मोजल्या जातात.

भाषा का बदलली असेल? स्तुती ज्यांनी ऐकायची त्यांना संस्कृत कळत होतं. कर ज्यांनी भरायचा त्यांना मराठी कळत होती. पुढे कुणी ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणू नये, म्हणून बाजारातल्या माणसाला समजेल अशा भाषेत कराची यादी कोरून ठेवली. ही यादी म्हणजे शाळेचं बजेटच.

पाटणच्या बाजारात विकायला येणाऱ्या मालावर राजाला जो कर मिळायचा, तो मठाला दिला. ब्राह्मणांनी आपल्या हक्काच्या उत्पन्नातला भाग दिला. नगराने, म्हणजे गावच्या व्यापारी मंडळींनी, गिऱ्हाइकांकडून ठरावीक पैसे द्यायचं ठरवलं. गिऱ्हाइकाकडून पाच पोफळी, म्हणजे पाच सुपाऱ्या, शाळेसाठी. तेलाच्या घाण्यावर पहिला घाणा निघाला की त्यातलं लोटाभर तेल मठाचं. शिवाय गावात जितके घाणे चालतील, तितक्यांमागे एकेक पळी तेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं : या बाजारात जे काही मापायचं ते मठाच्या मापाने मापावं. मापाईचे जे पैसे येतील, त्यातले अर्धे मठाला, अर्धे मापाऱ्याला.

ही यादी सावकाश वाचली तर पाटणचा सगळा बाजार डोळ्यांपुढे उभा राहतो. सुपारी कोकणपट्टीतून घाट चढून आली असणार. घाणा गावातला. धान्य आजूबाजूच्या शिवारातलं. या सगळ्यांतून शाळेसाठी चिमूटभर बाजूला निघतं. संस्कृत भागात राजाच्या दातृत्वाचं कौतुक आहे, पण मराठी भाग वाचला की कळतं, राजाने दिलं ते मुख्यतः ‘तुम्ही शाळेला द्या’ असं सांगण्याचा अधिकार वापरून. सुपारी विकत घेणाऱ्याची होती. तेल तेल्याचं होतं.

तेल कुणाचं, धडा कुणाचा

हा शिलालेख वाचून अभिमान वाटतो आणि वाटायलाही हवा. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला, खानदेशातल्या एका डोंगराच्या कुशीत, बाजाराच्या उत्पन्नावर गणित-ज्योतिषाची शाळा चालत होती. पण अभिमानाबरोबर एक साधा प्रश्नही विचारायला हवा. ज्या तेल्याच्या घाण्यातून पळीभर तेल जायचं, त्याच्या पोराला त्या मठात बसून ‘सिद्धान्तशिरोमणी’ शिकता आला असता का?

त्या काळच्या समाजाने त्याच्यासाठी अशी वाट ठेवलेली नव्हती. संस्कृत शास्त्रांचं शिक्षण जन्मावर ठरायचं. घाणा फिरवणारा शाळेच्या दिव्याला तेल पुरवू शकत होता. त्या दिव्याच्या उजेडात बसणं त्याच्या पोराच्या वाट्याला नव्हतं. मठाने त्याला काही फसवलं नाही, तेव्हाची रीतच ती होती. पण एकदा हे दिसलं, की मग पुढच्या आठशे वर्षांतल्या प्रत्येक शाळेच्या दारात हाच प्रश्न उभा दिसतो.

हा प्रश्न सगळ्यात स्पष्ट शब्दांत मांडला तो जोतीराव फुल्यांनी, १८८२ साली. १८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारकडे गेला होता. १८५४ च्या वुडच्या खलित्याने शाळांसाठी अनुदानाची पद्धत आणली : लोकांनी संस्था काढावी, खर्च उभा करावा, सरकार त्यात भर घालील. आजच्या ‘अनुदानित शाळा’ या शब्दाचं मूळ तिथे आहे. पुढे शिक्षणाची पाहणी करायला हंटर आयोग नेमला गेला. त्याच्यापुढे फुल्यांनी निवेदन दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : सरकारची तिजोरी भरते रयतेच्या घामाने, आणि त्या पैशावर शिकतात वरच्या वर्गातली मुलं. आधी गावोगावच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च करा. निदान बाराव्या वर्षापर्यंत ते सक्तीचं करा.

फुल्यांना पाटणचा शिलालेख माहीत होता की नव्हता, त्याने फरक पडत नाही. ते बोलत होते ते त्याच घाण्याबद्दल.

वसतिगृहातला वेगळा सुपरिंटेंडेंट

विसाव्या शतकात खानदेशात चित्र बदलायला लागलं. १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. रेल्वे आली होती, कापूस मुंबईकडे जात होता, गावोगावच्या व्यापाऱ्यांच्या हातात पैसा खेळत होता. त्यातला काही शाळांकडे वळला. कमानीवरची नावं, फलकावरची यादी, कॉलेजांची लांबलचक आद्याक्षरं ही सगळी त्या वळणाची खूण.

तालुक्याच्या गावी हायस्कूल निघालं की आणखी एक अडचण उभी राहायची. खेड्यातल्या पोराने राहायचं कुठे? म्हणून हायस्कूलच्या मागोमाग वसतिगृह आलं. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ साली पांडुरंग सदाशिव साने नावाचे तरुण शिक्षक रुजू झाले आणि छात्रालयाचं कामही त्यांच्याकडे आलं. मुलांची अंथरुणं आवरणारे, कंदील पुसून ठेवणारे, आजारी पोराजवळ रात्रभर बसणारे हे सुपरिंटेंडेंट. मुलांसाठी ते हाताने लिहून रोज एक दैनिक काढायचे. पुढे ‘विद्यार्थी’ मासिक काढलं. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले आणि महाराष्ट्राने त्यांना साने गुरुजी म्हणून ओळखलं. हाक मात्र आधी या छात्रालयातल्या मुलांनी मारली होती.

शाळेला पैसा लागतो, तशी कंदील पुसणारी माणसंही लागतात. पाटणच्या यादीत तेल आहे, वात लावणाऱ्याचं नाव नाही. अमळनेरच्या त्या सहा वर्षांमुळे निदान एका वात लावणाऱ्याचं नाव आपल्याला ठाऊक आहे.

स्टेशनावरचा टांगा

साने गुरुजी अमळनेरला शिकवत होते त्याच वर्षांत चाळीसगावात एक घटना घडली. तिचा शाळेशी संबंध काय, असं आधी वाटेल.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे तो आपल्याला पाणवठ्यांचा ठराव म्हणून आठवतो. पण सरकारी पैशातून चालणाऱ्या पाणवठ्यांबरोबर त्यात सार्वजनिक शाळाही होत्या. सार्वजनिक पैशाने चालतं ते सगळ्यांचं, असं सरकारदरबारी थेट म्हटलं गेलं. आठशे वर्षांच्या हिशेबात ही मोठी ओळ होती. कागदावरची का होईना.

अस्पृश्य आणि आदिवासी समाजांच्या शैक्षणिक, आर्थिक आणि सामाजिक स्थितीची पाहणी करायला मुंबई सरकारने १९२८ साली स्टार्ट समिती नेमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे एक सदस्य. खानदेशाचे दोन जिल्हे त्यांच्याकडे आले. ऑक्टोबर १९२९ मध्ये ते चाळीसगावला उतरले, धुळ्याच्या फाट्यावरच्या एका गावात बहिष्काराची चौकशी करून परत आले. चाळीसगावच्या महारवाड्यातल्या लोकांनी रात्री मुक्काम करायचा आग्रह केला होता. स्टेशनावर हार घातले गेले. बाहेर टांगे उभे होते. तरी तासभर कुणी हलेना. शेवटी एक टांगा आला. थोडं पुढे जाताच मोटारीशी टक्कर होता होता वाचली. मग नदीवरच्या फरशीवर घोडा उधळला, चाक दगडावर आपटलं, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि टांगा घोड्यासकट नदीत पडला. त्यांचा पाय मोडला.

कारण नंतर कळलं. स्टेशनावरचा एकही टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. चालत नेणं महारवाड्यातल्या लोकांना पाहुण्याच्या मानाला शोभणारं वाटलं नाही. मग तोड निघाली : टांगा भाड्याने देऊ, हाकणार नाही. हाकायला बसला तो त्यांच्यातलाच एक, ज्याने कधी टांगा हाकलेला नव्हता. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लिखाणात बाबासाहेबांनी हा प्रसंग सांगितला आहे.

यात भाड्याचे पैसे कुणी नाकारले नाहीत, हे लक्षात ठेवायचं. पैसा चालला, शेजार चालला नाही. पाटणच्या मठाने तेल घेतलं होतं, तेल्याचं पोर घेतलं नव्हतं. हीच ती जुनी रीत, फक्त आता ती रेल्वे स्टेशनाबाहेर, ठराव मंजूर झाल्यावर सहा वर्षांनी उभी होती. सरकारी ठराव शाळेचं दार उघडू शकत होता. आत बाकावर कोण कुणाशेजारी बसेल, ते गावच ठरवणार होतं. आज आपण ज्याला ‘आपलं हायस्कूल’ म्हणतो, तिथे हजेरीपटावर सगळ्या आळ्यांतली नावं एकाखाली एक येतात. ती तशी आपोआप आली नाहीत. कुणाच्या तरी मोडलेल्या पायाचा त्यात वाटा आहे.

आजची पळी

स्वातंत्र्यानंतर अनुदानित शाळांचे पगार सरकारी तिजोरीतून होऊ लागले. म्हणजे साबणापासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत आपण जो कर भरतो, त्यातली पळीभर शाळेकडे जाते. ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेसाठी एस.टी.चा मोफत पास मिळतो, तोही त्याच पळीतून. सकाळी खेड्यातून येणारी एस.टी. चाळीसगावच्या स्टँडवर रिकामी होते, तेव्हा दप्तरं घेऊन उतरणाऱ्या मुलींकडे बघा. पाटणच्या यादीतली पोफळ आणि हा पास एकाच जातीचे आहेत. फरक इतकाच, आता तेल्याची मुलगीही आत बसते, आणि बाजारात मापाऱ्याचं काम करणाऱ्याचीही.

पण ही पळी आटतेय का, हे बघायची वेळ आहे. २००१ मध्ये राज्याने नव्या शाळा ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर द्यायला सुरुवात केली. अशा शाळांमध्ये शिक्षक नेमले गेले, त्यांनी वर्षानुवर्षं नाममात्र पगारावर किंवा बिनपगारी शिकवलं. २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द काढला. मग वीस टक्के, चाळीस टक्के असं टप्प्याटप्प्याने अनुदान आणि प्रत्येक टप्प्यासाठी मुंबईत आझाद मैदानावर बसणारे शिक्षक. दिवसा वर्गावर, संध्याकाळी खासगी क्लासवर, सुट्टीत शेतात असा दिनक्रम असणारा शिक्षक तुमच्याही ओळखीचा असेल. शाळा ज्याच्या जोरावर चालली, तो स्वतःच तिचा सगळ्यात मोठा देणगीदार ठरला. फलकावर मात्र त्याचं नाव नाही.

२०२३ मध्ये दोन बातम्या एकाच महिन्यात आल्या. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार, आणि शाळा दत्तक द्यायची योजना. दत्तक घेणाऱ्या दात्याला काही वर्षांसाठी शाळेला नाव देता येईल, अशी त्यात तरतूद होती. दात्याचं नाव लागणं आपल्याला नवं नाही. आनंदीबाई बंकट किंवा प्रताप शेठ यांची नावं आपण अभिमानानेच घेतो. पण त्या नावांना मुदत नव्हती, आणि त्यांच्या मागे रोजची पळी घालणारी व्यवस्था हळूहळू उभी राहत गेली. दाता इमारत देतो, प्रयोगशाळा देतो. पंधरा पोरांच्या वाडीवरच्या शाळेत रोज सकाळी शिक्षक पोचेल याची हमी दाता देत नाही. ती हमी पाच पोफळींतूनच येते, सगळ्यांच्या थोड्या थोड्या देण्यातून, दरवर्षी, न चुकता.

मठाचं माप

पाटणच्या यादीतली शेवटी सांगितलेली गोष्ट पुन्हा बघण्यासारखी आहे. बाजारात जे मापायचं ते मठाच्या मापाने. ही अट उत्पन्नासाठी होती हे उघड आहे, कारण मापाईतला अर्धा भाग शाळेला जायचा. पण तिचा परिणाम काय झाला असेल, याचा विचार करा. ज्वारी विकणाऱ्याचं एक माप आणि घेणाऱ्याचं दुसरं, असं तिथे चालत नव्हतं. माप शाळेचं. तेवढं तरी सगळ्यांसाठी सारखं. ज्याला शाळेत प्रवेश नव्हता, त्यालाही बाजारात शाळेच्या मापाने न्याय मागता येत होता.

पाटणादेवीला गेलात तर देवीचं दर्शन घ्या, धवलतीर्थाचा धबधबा बघा, फोटो काढा. आणि त्या शिलालेखाची आठवण ठेवा. त्यात राजांची नावं आहेत, पंडितांची आहेत, पण एकाही तेल्याचं नाव नाही. त्यांच्या घाण्यावर किती पळ्या तेल काढायचं, ते मात्र नेमकं लिहिलेलं आहे. मग गावी परतल्यावर आपल्या हायस्कूलच्या फलकासमोर दोन मिनिटं थांबा आणि सगळ्यात खालची, सगळ्यात छोटी रक्कम वाचा. पाच रुपये, अकरा रुपये. शाळा कुणाची, याचा हिशेब तिथून सुरू करायचा.